गच्चीवर वारा हाय

बाळाराम नाना माणसाच्या तोंडाकडे सगळ्यात शेवटी बघायचे. आधी पाय, मग पँटची घडी, मग पट्टा, मग कॉलर, आणि एवढं सगळं पास झालं तर चेहरा. रोह्याजवळ वरसेला आमच्या शेजारी राहायला आले तेव्हा आमच्या वैजूला, म्हणजे माझ्या बायकोला, वाटलं की माणूस फार लाजाळू आहे, बायकांशी बोलताना मान वर करत नाही. मी म्हटलं, "लाजाळू कसला? तो तुझ्या चपला बघतोय." त्या दिवशी तिच्या डाव्या चपलेचा अंगठा सेफ्टी पिनेवर होता. दुसऱ्या दिवशी सकाळी नाना फाटकाशी आले, वैजूच्या हातात एक दाभण आणि मेण लावलेला दोरा ठेवला आणि "पावसात पीन गंजते, वयनी" एवढंच म्हणून गेले. पिनेबद्दल आधीचं-पुढचं काही नाही.

ही त्यांची रीत होती. ती मला आधीच माहीत होती, कारण पंधराएक वर्षांपूर्वी मी स्वतः तिच्यातून गेलो होतो.

नाना चौतीस वर्षं मुंबईत एका क्लबच्या दारावर होते. क्लब खाजगी, हौसेनं शिडाच्या होड्या हाकणाऱ्या श्रीमंतांचा. वैजूचा मामेभाऊ शशांक त्याचा सभासद आहे. त्यानं एकदा मला दुपारच्या जेवणाला बोलावलं. मी रोह्याच्या शाळेतला इंग्रजीचा मास्तर. इंग्रजी येतं म्हणजे साहेबांच्यात वावरता येतं, असा माझा तेव्हा समज होता. समुद्राकाठी जायचं म्हणून मी मुद्दाम नवे सँडल घेतले होते आणि फुलाफुलांचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. आरशात बघून मी वैजूला म्हणालोही, "आज जरा खलाशी वाटतोय, नाही?" वैजू म्हणाली, "पडदा वाटताय."

क्लबच्या दारात पांढऱ्या कपड्यातला एक शिडशिडीत माणूस उभा होता. त्यानं माझ्या पायांकडे पाहिलं. मागच्या भिंतीवर पितळी चौकटीत नियम लावले होते, ते मी नंतर वाचले: पुरुषांना कॉलर हवी, बायकांचा पोशाख घोट्यापर्यंत हवा, सगळ्यांना बंद बूट हवेत, सँडल आणि सपाता चालणार नाहीत, गच्चीवर बसणाऱ्या पुरुषानं कोट घातला पाहिजे आणि बसलेला असेतो तो काढता कामा नये. म्हणजे मी टाळूपासून तळव्यापर्यंत बेकायदा होतो. त्या माणसानं यातलं एक अक्षर उच्चारलं नाही. आत गेला, हातावर निळा कोट घेऊन बाहेर आला आणि माझ्या मागे उभा राहून कोट असा धरला की माझे हात आपोआप बाह्यांत गेले.

"गच्चीवर वारा हाय, साहेब. अंगावर असू द्या."

कोट शिंप्यानं माझ्या मापानं शिवल्यासारखा बसला. मग त्यानं मला बाजूच्या खोलीत बसवलं. "लांबून आलाव, पाय दमले असतील. जरा हे घालून बघा." काळे बूट होते, आतून कोमट. मला वाटलं, केवढी ही श्रीमंती, बूटसुद्धा गरम करून देतात!

जेवून परत आलो तेव्हा तो दारातल्या टेबलाआडून कुणाला तरी वाट दाखवायला बाहेर आला, आणि मला दिसलं की त्याच्या पायांत नुसते मोजे आहेत. दोन तास मी त्याचे बूट घालून कोळंबी खात होतो.

मी इतका ओशाळलो की इंग्रजी विसरून अस्सल रोह्याच्या बोलीत म्हणालो, "अवो, असा कशाला केलाव?"

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं. "तुमी आमच्याकरचे का?"

"रोह्याचा."

"मी पेनचा. खाडीकाठचा." मग हळूच म्हणाले, "मंग तर बरा झाला. आपल्या मानसाला दारातून परत लावायचा म्हंजे काय!"

निवृत्तीनंतर नाना वरसेला आले त्याला कारण समुद्रच. पेणच्या खाडीकाठी त्यांचं गाव, तिथला बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं आणि घराच्या जोत्याशी येऊन बसलं. सगळ्यांनी जागा बदलल्या. नानांनी आमच्या शेजारचं दोन खोल्यांचं घर घेतलं. सामानात भांडी थोडी आणि एक मोठी पत्र्याची ट्रंक. ट्रंकेत अकरा कोट. क्लबानं पाहुण्यांसाठी नवे कोट शिवले, तेव्हा जुने नानांना निरोपाची भेट म्हणून दिले. चौतीस वर्षांच्या चाकरीला हा आहेर कुणाला सुचला ते माहीत नाही, पण नाना खूश होते. दर रविवारी सकाळी अंगणात दोरीवर अकराही कोट ओळीनं टांगायचे आणि ब्रशानं झाडायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं की अकरा साहेब माना नसलेले, शिस्तीत उभे आहेत. गल्लीतले लोक म्हणायचे, "आज नानांकडे मीटिंग आहे."

हळूहळू ते कोट कामाला लागले. कुणाचा साखरपुडा, कुणाची कंपनीत मुलाखत, कुणाला पासपोर्टचा फोटो. नाना माप घेत नसत. फाटकातून येणाऱ्याच्या खांद्यांवर एक नजर, आणि ट्रंकेतला नेमका कोट. निडीजवळच्या वाडीवरून काळूराम म्हणून एकजण आमच्याकडे झाडं तोडायला येई. त्याच्या मुलीचं लग्न ठरलं. तो फाटकाशी तीनदा येऊन परत गेला. चौथ्यांदा नानांनी त्याला बघितलं आणि कोट घेऊनच बाहेर गेले. "काळूराम, मांडवात वारा असतो बरा का." लग्नातल्या फोटोत काळूराम निळ्या कोटात, खाली धोतर, आणि चेहऱ्यावर असा रुबाब की नवरदेव बाजूला पडलाय.

मी एकदा विचारलं, "नाना, चौतीस वर्षांत कुणाला 'नाही' म्हणालात?"

"एकालाबी नाय."

"मग नियम कसे पाळलेत?"

"मास्तर, नियम तोंडानं सांगायचा नसतो. हातानं द्यायचा असतो."

हे वाक्य मला फार आवडलं, आणि आवडलेल्या वाक्यांचं मी जे करतो तेच केलं, चुकीचं वापरलं. त्या वर्षी मी शाळेत पर्यवेक्षक झालो होतो. नव्या खुर्चीची ऊब लागते तशी मलाही लागली. शिक्षकांनी शर्ट खोचावा, बूट घालावेत, असे सात नियम मी छान अक्षरात लिहून शिक्षक-खोलीत लावले. त्याची एक प्रत कौतुकानं नानांना दाखवली. नानांनी ती पूर्ण वाचली. "सोमवारी काय घालनार?" त्यांनी विचारलं. "बूट," मी म्हटलं. "नाय, त्यांना काय घालनार? ज्याच्याकडं बूट नाय त्याला?" मी कागद परत घेतला. "मंग ह्यो नियम तुमी भिंतीला सांगितलाव," नाना म्हणाले.

सोमवारी गडबडीत मी एक काळा आणि एक तपकिरी बूट घालून शाळेत गेलो. प्रार्थनेला पहिल्या रांगेत उभा होतो. खेळाच्या सरांनी सगळ्या शाळेसमोर, अतिशय गंभीर चेहऱ्यानं, माझ्या पायांना नमस्कार केला. कागद दुपारी मीच काढला.

आता हिराबाय.

हिराबाय नानांची बायको. नाना जेवढे मोजून बोलणारे, तेवढी ही भडभडून. लग्न होऊन आली तेव्हापासून मिठागरात राबलेली. नवरा मुंबईत, पंधरा दिवसांनी एक दिवस घरी. घर, सासू, मीठ, भात सगळं हिच्या अंगावर. वरसेला आल्यावरही गुडघ्यापर्यंतचं कासोट्याचं लुगडं, पायांत काही नाही. अनवाणीच बाजारात जायची. उन्हात डांबरावरून ती अशी चालायची, जशी मी घरातल्या गालिच्यावरून. अर्थात आमच्याकडे गालिचा नाही.

नाना पंधरा दिवसांनी घरी यायचे तेव्हा तिला क्लबच्या गोष्टी सांगायचे. कुणाची होडी उलटली, कुठल्या बाईनं हॅट कशी वाऱ्यावर सोडली, आणि गच्ची. गच्चीवर बसलं की समोर नुसतं पाणी आणि शिडं. हिराबायनं चौतीस वर्षं ती गच्ची ऐकली. आणि तिनं चौतीस वर्षांत नवऱ्याकडे एवढं एकच मागितलं होतं.

"मना एकदा त्या गच्चीवर बसवा. येक कप चाय. बस."

चाकरी होती तोवर ते शक्य नव्हतं. नोकरांना मागचं दार, आणि नोकरांचे पाहुणे मागच्या दारालाही नाहीत. आता मात्र शशांक होता. मी त्याला फोन केला. तो मोठ्या मनाचा आहे, लगेच म्हणाला, "अरे, नाना माझे पाहुणे म्हणून येतील! आणि नानांच्या बायकोला कोण अडवणार? तिला काहीही नेसू दे."

मी हे धावत जाऊन नानांना सांगितलं. नाना खूश होतील अशी माझी खात्री होती. नाना म्हणाले, "मंग नको."

"का?"

"ती लुगऱ्यात येनार, अनवानी येनार. आन ती म्हाजी बायको म्हनून चालनार. मंग मी चौतीस वर्सं लोकांना कोट घातले ते कशाला, मास्तर? ज्याची वलख नाय त्याच्यासाठीच नियम व्हता का? तुमाला घातला त्यो पन?"

स्वयंपाकघरातून हिराबायचा आवाज आला, "बघा! शंभर जनांना कोट घातला, आन बायकोला दाराभायेर ठेवतो ह्यो मानूस!"

"भायेर नाय गो ठेवत. दारातून आत न्यायचाय तुला. नीट."

"मंग न्या ना! का मी मेल्यावर नेनार? तवा तर तुमी मना कापर पन घालाल न् चपला पन!"

असं दोन महिने चाललं. पाचवारी नेसायला ती तयार नव्हती. "पाचवारीत मी चालायची कशी? बांदलेल्या म्हशीवानी?" आणि नाना तिला तसं करायला सांगायलाही तयार नव्हते. नाना पितळी चौकटीतले नियम तोंडपाठ म्हणून बघायचे आणि कुठे फट सापडते का ते शोधायचे. शेवटी त्यांना आठवलं की एका ओळीत राष्ट्रीय पोशाख असा शब्द आहे. लुगडं त्यात बसतं का?

"तुमी इंग्रजीत इचारा," ते मला म्हणाले.

मी पत्र लिहिलं. नऊवार कसं असतं, कासोटा कुठून कुठे जातो, गुडघ्याशी का थांबतं, चिखलात आणि मिठात त्याचा उपयोग काय, असं दीड पान. वैजूनं वाचून विचारलं, "हे लुगडं आहे की शिडाचं टेंडर?" तरी ते गेलं. तीन आठवड्यांनी क्लबच्या सेक्रेटरींचं उत्तर आलं, अगदी सभ्य. असा पोशाख समिती आनंदानं मान्य करते. मात्र पायांत बंद पादत्राण आवश्यक आहे.

मी ते वाचून दाखवलं. नानांचा चेहरा उजळला. हिराबाय म्हणाली, "म्हंजे लुगरा चालतो आन पाय चालत नाय?"

मग तिनं स्वतःच्या पायांकडे बघितलं आणि म्हणाली, "बरा. घालीन. पन म्हाज्या पायाचा जोरा दुकानात गावायचा नाय."

खरंच गावला नाही. रोह्यातली तीन दुकानं झाली. मिठागरातले पाय ते, पंजा रुंद, बोटं फाकलेली, तळवा लाकडासारखा. तेव्हा नाना म्हणाले की पेणला रामवाडीत काशिनाथ म्हणून एक बूट शिवणारे आहेत, त्यांच्याकडून पायाचं माप देऊन शिवून घेऊ. गणपतीची मूर्ती सांगायला मी पेणला जाणारच होतो, माप मी नेतो म्हटलं.

माप घेतलं त्या सकाळी मी तिथे होतो. नानांनी हिराबायला खुर्चीवर बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसले. शाळेतली एक कोरी उत्तरपत्रिका मी दिली होती. हिराबाय सारखी उठायला बघत होती. "अवो, मी खुर्चीवर आन तुमी खाली, कोन बघल!" नाना म्हणाले, "बस. तू कवा बसलीस?" त्यांनी तिचा उजवा पाय कागदावर ठेवला आणि पेन्सिल फिरवायला सुरुवात केली. टाचेपाशी पेन्सिल थांबली.

"ह्यो वन कसला?"

"शिंपला. मिठागरात."

"कवा?"

"तुमी तिकरं व्हताव तवा."

पेन्सिल पुढे सरकली. करंगळीशी पुन्हा थांबली. "आन हा?"

"बांद फुटला ती राती. दगर परला."

"मी?"

"तिकरं."

डाव्या पायाला घोट्याखाली तिसरा वण होता. नानांनी तो बोटानं चाचपला, पण विचारलं नाही. कागद घडी करून माझ्याकडे देताना एवढंच म्हणाले, "मास्तर, चौतीस वर्सं लोकांचे पाय बघितले." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं, आणि मीही उगाच गणपतीचा विषय काढला.

पेणला काशिनाथभाऊंनी कागद उजेडात धरून बघितला. "माप उभं राहून घेतलंय ना? अंगाचा भार पडला की असा पाय दोन बोटं पसरतो."

मला माहीत नव्हतं. पण माहीत नसताना माहीत असल्यासारखं बोलायची मास्तरकीतली सवय. "हो हो, उभं राहूनच," मी म्हणालो. परतीच्या एसटीत नागोठणं गेल्यावर मला आठवलं की हिराबाय खुर्चीत बसली होती. निडीपर्यंत मी स्वतःची समजूत घातली की दोन बोटांनी काय होतंय.

जोडा सुरेख झाला. तपकिरी, मऊ कातड्याचा, पायावर एक बटणपट्टी. हिराबायनं घालून ओटीवर चार पावलं टाकली. "बरा हाय," ती म्हणाली. मला हायसं वाटलं. तिनं 'बरा हाय' याआधी कशाकशाला म्हटलं होतं ते मी लक्षात घ्यायला हवं होतं. बांध फुटला तेव्हाही ती शेजाऱ्यांना बरं आहे म्हणाली होती.

माघातल्या एका रविवारी आम्ही चौघं माझ्या गाडीतून निघालो. नानांनी कोट घातला होता, अकरातला सगळ्यात चांगला. मीही एक घातला. तोच तो, पंधरा वर्षांपूर्वीचा. कोट तसाच होता, मी राहिलो नव्हतो. गुंडी आणि काजं यांच्यात आता दोन गावांचं अंतर होतं. हिराबाय हिरव्या लुगड्यात, केसांत अबोली. पेणची खाडी आली तेव्हा तिनं काच खाली केली. "तिकरं म्हाजा माहेर," ती वैजूला म्हणाली. "बापूस हितूनच मिठाचा मचवा न्यायचा."

क्लबपाशी मला गाडी लावायला जागा मिळाली नाही. मी ती इतकी लांब लावली की शेवटी समुद्राकाठानं पंधरा मिनिटं चालावं लागलं. हिराबाय मागे राहायला लागली. नाना दोनदा थांबले. "काय गो?" "काय नाय. बगते समुद्र."

दारात नवा माणूस होता, रमाकांत. नानांनीच तयार केलेला. त्यानं शिकवल्याप्रमाणे आधी पाय बघितले. नानांचे काळे बूट. हिराबायचा तपकिरी जोडा. वैजूचे बंद बूट. माझे, दोन्ही एकाच रंगाचे, मी घरून निघताना तीनदा बघून घेतले होते. मग नजर वर आली आणि माझ्या उघड्या गुंडीशी थांबली. "उघडी चालते, सर," तो समजुतीनं म्हणाला. मग सरळ उभा राहिला.

"या, साहेब."

नानांनी मागे वळून बघितलं, कोण साहेब आला ते.

"तुम्हालाच म्हणतो, नाना."

पाहुण्यांच्या वहीत सही करताना नानांना बराच वेळ लागला. चौतीस वर्षं त्यांनी ती वही उघडून दुसऱ्यांपुढे धरली होती. पायपुसण्यावर ते क्षणभर घुटमळले, हिराबायच्या पाठीला हात लावला आणि तिला आधी आत सोडली.

शशांक गच्चीवर होता. त्यानं कठड्याजवळचं टेबल धरलं होतं. चहा आला, काकडीची सँडविचं आली, ती हिराबायनं उघडून आत काय आहे ते बघितलं आणि पुन्हा मिटवली. समोर पाण्यात सात-आठ होड्या होत्या. ती खूप वेळ बघत राहिली. नाना तिच्याकडे बघत राहिले, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखे.

"हीच का ती शिडं?" तिनं विचारलं.

"व्हय."

"म्हाज्या बापसाचा शिड ह्याच्या दुप्पट व्हता. आन त्यो लंगोटीवर हाकायचा." तिनं आजूबाजूच्या कोटांवरून नजर फिरवली. "ह्यांना बसून बगायला पन कोट लागतो?"

नाना हसले. मोठ्यानं, डोक्यामागे हात नेऊन. त्यांना असं हसताना मी कधी बघितलं नव्हतं, आणि त्या गच्चीनंही बघितलं नसावं, कारण चार टेबलांनी वळून पाहिलं. "खरा हाय गो," नाना डोळे पुसत म्हणाले. "खरा हाय. पन गच्ची कशी हाय?"

हिराबायनं चहाचा घोट घेतला. "गच्ची तुमी सांगायचाव तशीच हाय," ती म्हणाली. "येक बी खोटा नाय सांगितलाव." आणि मग तिनं खुर्चीत पाठ टेकवली. मी तिला पाठ टेकवून बसलेली त्या दिवशी पहिल्यांदा बघितली. शेवटची नाही, नाना गेल्यापासून ती संध्याकाळी आमच्या ओटीवर तशी बसते, पण तेव्हा हातात निवडायला काहीतरी असतं.

नाना जाऊन दीड वर्ष झालं. झोपेतच गेले, कुणाला त्रास नाही. तो न मिटणारा कोट त्यांनी माझ्या नावानं ठेवला होता. त्यांची आठवण निघाली की लोक काळूरामच्या फोटोचं बोलतात, कोटांच्या रांगेचं बोलतात. मला मात्र त्या गच्चीवरची पुढची दोन मिनिटं दिसतात.

मी पडलेला चमचा उचलायला खाली वाकलो, आणि टेबलाखाली मला तपकिरी जोडा दिसला. बाजूला नीट ठेवलेला. शेजारी हिराबायचे दोन्ही पाय, करंगळ्या लालबुंद, टाचेवरचं कातडं सोललेलं. ते गार फरशीवर पसरून मोकळे झाले होते, दोन बोटं रुंद. मी वर आलो तो घामाघूम. माझं ते 'हो हो' मला दिसत होतं. नानांनी माझ्या तोंडाकडे बघितलं, मग खाली बघितलं. चौतीस वर्षांची नजर, तिला वाकावं लागत नव्हतं.

त्याच वेळी रमाकांत पलीकडच्या टेबलाशी विचारपूस करून आमच्याकडे यायला निघाला होता.

हिराबाय घाईघाईनं पाय जोड्यात कोंबायला लागली. नानांनी तिच्या हातावर हात ठेवला. मग उभे राहिले, अंगातला कोट काढला आणि तिच्या मांडीवर असा पसरला की त्याचं टोक फरशीपर्यंत गेलं.

"गच्चीवर वारा हाय गो. असू दे अंगावर."

आणि पांढऱ्या शर्टात, कोटाशिवाय, सगळ्या गच्चीसमोर, पुन्हा खुर्चीत बसले.

रमाकांत आला. त्यानं नानांचा शर्ट बघितला. मांडीवरचा कोट बघितला, त्याचं फरशीवर टेकलेलं टोक बघितलं. परत गेला. मला वाटलं, संपलं. शशांक काहीतरी बोलायला तोंड उघडत होता, त्याला मी पायानं ढोसलं.

रमाकांत परत आला तेव्हा त्याच्या हातावर नवा निळा कोट होता. तो नानांच्या मागे उभा राहिला आणि कोट असा धरला की नानांचे हात आपोआप बाह्यांत गेले.

"वारा आहे, नाना," तो म्हणाला.

"व्हय रे," नाना म्हणाले. "लय वारा हाय." त्यांनी कॉलर सारखी केली. माप अगदी बरोबर होतं. हिराबाय कोटाखाली पाय हलवत चहा पीत होती, आणि समोर पाण्यावर सगळी शिडं, पिळून वाळत घातलेल्या धुण्यासारखी, सरळ खाली लोंबत होती.